चौथ्या फेऱ्यातलं वाक्य

आत्या : परत तिथंच अडकलीस.

सेकाय : हो.

आत्या : मी रांजणापाशी उभी राहून ऐकत होते. एक फेरा झाला, दुसरा झाला, तिसरा झाला, आणि मग दोर तुटून बादली विहिरीत पडावी तसं सगळं गप्प.

सेकाय : सकाळपासून अकरा वेळा वाजवायला बसले, आत्या. नऊ वेळा चौथ्या फेऱ्यात तुटलं. दोन वेळा त्याच्याही आधी.

आत्या : ती तुझी प्रयोगशाळेतली मोजणी राहू दे. ऊन कलायला लागलंय. तुझा धाकटा काका गाडीला टेकून उभा आहे. सावली आंब्याच्या बुंध्याला लागली की निघतो म्हणतोय.

सेकाय : कुठं निघतोय?

आत्या : बाजारच्या गावी. तिथले ते दोघे भाड्याचे वाजवणारे आणायला. त्यांच्याकडं स्पीकरसुद्धा आहे म्हणे.

सेकाय : बाबांना घरी आणायला स्पीकर.

आत्या : मग काय करू दे त्याला? तुझा बाप गेल्यापासून वर्षभर त्याचा जीव रानात आहे. आज रात्री त्याला घरी आणायचा. दारूसाठी सात दिवस नाचणी आंबतेय, सगळं गोत गोळा झालंय. आणि तो येणार कशामागून? त्याच्या आवडीच्या गाण्यामागून. ते गाणं परक्या हाताचं वाजलं तर फाटकाशी उभा राहील, हे कुणाचं घर म्हणून.

सेकाय : माहीत आहे मला.

आत्या : गाण्याचा पहिला हात कुणीही वाजवेल. त्यात गुंफायचा दुसरा हात तुझ्या बापासारखा, गारिकायसारखा, एकट्या तुला येतो. बैठकीत बारा पुरुषांसमोर मी तोंड उघडलं, म्हटलं, गारिकायची सेकाय वाजवेल. धाकटा हसला. म्हणाला, तिच्याच्यानं होणार नाही, ती मध्येच कुठंतरी हरवते.

सेकाय : बरोबर म्हणाला.

आत्या : बरोबर म्हणाला म्हणूनच राग आला मला. दे तो म्बिरा इकडे, त्याच्या लोखंडी पट्ट्या बघू. आणि हा असा का वाजतोय? आंघोळ घालून आणल्यासारखा. खरखर कुठं गेली याची?

सेकाय : झाकणं काढली.

आत्या : काय?

सेकाय : पट्ट्यांखालच्या पत्र्यावरची सगळी. ज्या भोपळ्यात ठेवून वाजवते त्याच्या कडेची पण. सकाळी पक्कड घेऊन बसले होते. त्या डब्यात आहेत.

आत्या : अगं, तुझ्या बापानं एकेक सोड्याच्या बाटलीचं झाकण ठोकून, चपटं करून बसवलं होतं. ती काढलीस? नागव्या पट्ट्यांचा आवाज पूर्वजांना ऐकवणार तू? त्यांना वाटेल पोरगं डब्यात खिळे वाजवतंय.

सेकाय : त्या खरखरीत ते ऐकू येतं.

आत्या : ते म्हणजे कोण?

सेकाय : कोण नाही. एक वाक्य आहे.

आत्या : सांग नीट. मी तुझी आत्या आहे. पहिल्यांदा बाजूला बसलीस तेव्हा मला सांगितलंस, आईला नाही.

सेकाय : पहिल्या फेऱ्यात अंगठे कुठं आहेत ते कळतं. दुसऱ्यात कळेनासं होतं. तिसऱ्यात मी वाजवतच नसते, आत्या, पाणी चालत असतं. नदी दिसते. पलीकडच्या काठावरून बाबा येताना दिसतात, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, जोडे हातात. डोळे अर्धे मिटलेले. मला कळतं की आता ते मधल्या खडकावर पाय ठेवतील. आणि तेवढ्यात झाकणं बोलायला लागतात.

आत्या : आणि मग?

सेकाय : मग नदी जाते, आणि हात माझे होतात. माझे झाले की चुकतात.

आत्या : काय म्हणतात झाकणं?

सेकाय : ते नाही सांगता येत.

आत्या : मग मनातून काढून टाक. तोंडावर गार पाणी मार. चांगलं काहीतरी आठव. तुझ्या पदवीचा दिवस आठव. बाप कसला नाचला होता त्या दिवशी.

सेकाय : तेच करतेय. ते वाक्य आलं की पदवीचा दिवस पुढं करते. आता पदवीचा दिवस आठवला की पाठोपाठ ते वाक्यच येतं. चांगला होता तो दिवस, तोही गेला.

आत्या : तपकीर वाहिलीस का आजोबांना?

सेकाय : सकाळीच. नाकातही ओढली.

आत्या : झाकणं काढून तरी गेलं का?

सेकाय : नाही. झाकणं काढल्यावर ते शांततेत ऐकू यायला लागलं. जास्त स्पष्ट.

आत्या : हे माझ्या हातचं नाही गं. थांब. तावेंगवाला बोलावते.

सेकाय : साहविराला? नको, आत्या. ते सगळ्यांपुढं माझी नक्कल करतील.

आत्या : करू दे. तावेंगवा आपल्या घराचा साहविरा, पिढीजात दोस्त; त्याच्या पणजोबानं आपल्या पणजोबाशी दोस्ती बांधली ती त्यासाठीच. मयताच्या घरात वाट्टेल ते बोलायचा हक्क या वाडीत त्या एकट्याला आहे. तावेंगवा, ए तावेंगवा. तो शेंगांचा वाडगा तसाच घेऊन ये, पण ये.

साहविरा : आलो, आलो. मला वाटलं, म्हातारीनं शेवटी माझ्याशी लग्नाला होकार दिला.

आत्या : दात आहेत का तुला लग्नाला?

साहविरा : चार आहेत. तुझे तीन. संसार होईल. काय झालं या पोरीला? बाप मेल्यासारखं तोंड करून बसलीय.

सेकाय : बाप मेलाच आहे, साहविरा.

साहविरा : हां, मीच पुरला त्याला. जड होता. सरक जरा, बसू दे. पिसं उपटलेल्या कोंबडीसारखा हा म्बिरा कुणाचा?

आत्या : हिनं झाकणं काढलीत. म्हणते, त्यात एक वाक्य ऐकू येतं आणि हात थांबतात.

साहविरा : काय वाक्य?

आत्या : सांगत नाही.

साहविरा : मला सांगेल. सांग पोरी. दफनाच्या दिवशी तुझ्या बापाचा कोट घालून मी त्याच्यासारखा लंगडत चाललो, तुझ्या आईला म्हणालो, बाई, माझा चहा कुठाय. रडणारी बाई हसली आणि मग नीट रडली. त्याच्यापेक्षा वाईट काय बोलणार आहेस तू?

सेकाय : "तू फोन उलटा ठेवलास."

साहविरा : एवढंच?

सेकाय : एवढंच. शेवटच्या संध्याकाळी बाबांचा फोन आला. मी प्रयोगशाळेत माती तोलत होते. तो काटा फार नाजूक असतो, साहविरा. ओट्यावर फोन थरथरला तरी आकडे हलतात. सहा वाजत आले होते, चाळीस नमुने उरले होते. बाबांचं नाव मी वाचलं. वाचून फोन उलटा केला आणि रुमालावर ठेवला, म्हणजे थरथर लागणार नाही. मनात आलं, आता नको यांची कटकट. पहाटे तुमचा फोन आला.

आत्या : वर्षभर हे घेऊन फिरतेस? आणि मला एका शब्दानं नाही?

साहविरा : थांब गं. त्या संध्याकाळी मी होतो त्याच्याजवळ.

सेकाय : तुम्ही?

साहविरा : मी आणि तो. चुलीपाशी, शेकत. लाकडातून एक विंचू निघाला. मी जोड्यानं मारला. मग भांडण लागलं. विंचवाला पाय किती? मी म्हटलं सहा. तो म्हणाला आठ. मी म्हटलं पैज. तो म्हणाला, पोरीला विचारतो, ती शिकलेली आहे.

सेकाय : त्यासाठी फोन केला होता?

साहविरा : त्यासाठीच. तू उचलला नाहीस तर म्हणाला, कामात असेल, उद्या विचारू. मला शिव्या दिल्या, दूध प्यायला, झोपला. झोपेतच गेला. छातीवर हात ठेवायलाही उठला नाही.

सेकाय : आठ असतात.

साहविरा : मला कळलं नंतर. शाळेच्या मास्तरांना विचारलं. हरलो, आणि जिंकणारा निघून गेला.

आत्या : बघ, हे होतं. आता जा, तोंड धू, झाकणं बसव आणि वाजव. सावली किती पुढं आलीय बघ.

साहविरा : झाकणं नंतर. आधी अशीच वाजव, पोरी. बघू दे.

सेकाय : बरं.

आत्या : तावेंगवा, तू हे वर्षभरापूर्वी सांगितलं असतंस तर.

साहविरा : मला काय माहीत ती फोन उलटा ठेवून बसलीय? गप्प बस. ऐक. काय हात आहे. डोळे मिटले तर तोच बसलाय असं वाटतं. तोही असाच, वाजवता वाजवता घोरायचा. अंगठे आपले चालूच.

आत्या : दुसरा फेरा.

साहविरा : तांबूस पालवी फुटली की रानात अशी दुपार असते. सगळं जागच्या जागी आणि तरी थोडं तरंगतंय.

आत्या : तिसरा. जाते बघ. जाते पुढं. हां. पाचवा. सहावा सुरू. सेकाय? का थांबलीस?

सेकाय : आलं परत.

आत्या : आता कसं येईल? कळलं ना कशासाठी फोन होता ते?

सेकाय : कळलं म्हणून दोन फेरे जास्त झाले. मग ते बदललं. आता म्हणतंय, "आठ हे त्यांना तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. तू फोन उलटा ठेवलास."

आत्या : अरे देवा.

सेकाय : हे असंच आहे, आत्या. शाळेत असताना निराळं वाक्य होतं. परीक्षेला बसले की म्हणायचं, पेपरावर नाव लिहिलं नाहीस. तीनदा तपासलं तरी म्हणायचं. मग नोकरी लागली तर म्हणायला लागलं, बर्नर चालू राहिलाय. आता हे. एकाचं उत्तर दिलं की ते कपडे बदलून येतं. काकाला जाऊ दे. भाड्याचे निदान चुकणार तरी नाहीत.

साहविरा : त्यांच्या डोक्यात काही नाही म्हणून चुकत नाहीत. मी ऐकलंय त्यांना. पिठाची गिरणी बरी वाजते. आण तो डबा. झाकणं बसवू.

सेकाय : कशाला? मला त्यातूनच ऐकू येतं.

साहविरा : एकटीला ऐकू येतं, तो घोटाळा आहे. पक्कड दे. तुझ्या बापाच्या डोक्यात पण एक बसलेलं होतं.

सेकाय : बाबांच्या?

साहविरा : तीस वर्षं. एकच वाक्य. भर मेळ्यात, वाजवताना यायचं. हात थांबायचे त्याचे. लोकांना वाटायचं, अंगात येतंय.

सेकाय : काय वाक्य होतं?

साहविरा : ते त्याचं होतं. मी त्याच्याबरोबर खाली ठेवून वर माती लोटली. तू मागू नको.

आत्या : मला कसं कधी कळलं नाही?

साहविरा : तुला वाटायचं तावेंगवा प्यायलाय. आठवतं, मी खुळखुळे घेऊन त्याच्या कानाशी बसून काहीबाही बरळायचो? तू एकदा मला झाडूनं हाकललंस.

आत्या : हाकललं होतं. लाज आणलीस चार लोकांत.

साहविरा : ते बरळणं नव्हतं. त्याचं वाक्य म्हणत होतो मी. त्यानं वाजवायचं, मी म्हणायचं. वाईटसाईट बोलणं हे साहविराचं काम. घरचा माणूस बोलला तर जखम होते, मी बोललो तर कुणी मनावर घेत नाही. घे, झाकणं बसली. एक वाकडं बसलंय, राहू दे. आता ते वाक्य मला दे.

सेकाय : दिलंच की मघाशी.

साहविरा : सांगितलंस. आता दे. यापुढं ते म्हणायचं काम माझं, तू फक्त वाजव. ते आलं तर येऊ दे, त्याला उत्तर द्यायचं नाही, घालवायचं नाही. आत्याकडं बघायचं नाही. चुकलीस तरी थांबायचं नाही, पुढच्या पट्टीवर जायचं. तो खुळखुळा दे गं इकडे.

सेकाय : मला भीती वाटते.

साहविरा : मला पण वाटते. आवाज त्याचा काढणार आहे मी. "सेकाय, बाळ, तू फोन उलटा ठेवलास."

सेकाय : नको.

आत्या : तावेंगवा, तुला काही माणुसकी? हुबेहूब तोच बोलला. माझ्या अंगावर काटा आला, ती तर पोर आहे.

साहविरा : रडते तर रडू दे, अंगठे कोरडे आहेत तिचे. वाजव, पोरी. "तू फोन उलटा ठेवलास, बाळ."

सेकाय : वाजवतेय.

साहविरा : आता हा बसचा कंडक्टर. "फोन उलटा, फोन उलटा, फोन उलटा, दोन जागा, दोन जागा, कोंबड्या टपावर, चला फोन उलटा."

आत्या : हा म्हातारा एक दिवस मार खाणार.

साहविरा : आता हा आपला पाद्री. "आणि म्हणूनच, प्रिय बंधूंनो, तिने तो फोन, काय केला? उलटा ठेवला. बसून घ्या."

सेकाय : साहविरा, मी हसले आणि चुकले.

साहविरा : हसून चुकलीस, थांबली नाहीस. आता हा तुझा धाकटा काका. "मी म्हणालोच होतो. गाडी काढू का? फोन उलटा आहे. गाडी काढू का?"

आत्या : हळू बोल, ऐकेल तो.

साहविरा : ऐकू दे. आता नकला संपल्या. आता नुसतं खुळखुळ्याबरोबर. तू फोन उलटा ठेवलास, तू फोन उलटा ठेवलास. तू तुझ्या नदीवर जा. मी इकडं म्हणतो.

(बराच वेळ फक्त म्बिरा, त्याची खरखर, खुळखुळा आणि म्हाताऱ्याचं पुटपुटणं. मग नुसता म्बिरा.)

आत्या : किती झाले?

साहविरा : मोजायचं तिचं काम. मी मोजले नाहीत.

आत्या : बारा-तेरा तरी झाले असतील. कूस बदलल्यासारखं वाजतंय आता. गारिकाय असाच करायचा, मध्येच एक पट्टी सोडायचा. पाय ठेवायच्या आधी पाणी बघावं तसं.

साहविरा : ती पट्टी तिला कुणी शिकवली नव्हती.

सेकाय : साहविरा.

साहविरा : बोल. हात चालू ठेवून बोल.

सेकाय : ते मधल्या खडकावर आलेत.

साहविरा : येऊ दे. घाई करू नको त्याला, लंगडा आहे.

सेकाय : वाक्य पण येतंय. पाण्यासारखं बाजूनं जातंय. आता तुम्ही नाही म्हटलं तरी चालेल. घसा दुखत असेल तुमचा.

साहविरा : मी कधीचा गप्प आहे. शेंगा खातोय.

सेकाय : खोटं. आत्ता ऐकलं मी.

आत्या : खरंच गं. अर्धा वाडगा संपवला त्यानं.

सेकाय : मग हे कोण म्हणतंय?

साहविरा : डोकं आहे, बडबडायचंच. डावा अंगठा बघ, कसा पडतोय.

सेकाय : सावली कुठवर आली, आत्या? काका गेला का?

आत्या : बुंध्याच्या पलीकडं गेली सावली. तू मान वर करू नको. वाजवत राहा. गाडी तशीच सोडून धाकटा दाराशी आलाय, बूट काढून हातात घेऊन उभा आहे.